हेवी लायसन काढायचंय? आधी ठरवा: पिकअप, ट्रक, टँकर की बस

बारावीचे निकाल लागले की आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात पोरं विचारायला येतात, कधी त्यांचे वडील येतात. प्रश्न ठरलेला असतो: "हेवीचं लायसन काढायला किती खर्च येतो?" मी आधी उलट विचारतो, चालवायचं काय आहे? बहुतेकांचं उत्तर असतं, "काहीही चालेल, हेवी पाहिजे." इथेच गडबड होते. लायसन एकच असलं तरी ते हातात पडल्यावर चार वाटा फुटतात. कोणती वाट धरायची हे ठरलेलं नसेल, तर वर्ष-दोन वर्षं अशीच जातात आणि पुढे भरतीच्या वेळी नेमका एखादा कागद कमी पडतो.

पूर्वी मध्यम आणि अवजड, माल आणि प्रवासी असे लायसनचे वेगवेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते मोडून 'ट्रान्सपोर्ट' हा एकच वर्ग केला, त्यालाच आपण हेवी म्हणतो. म्हणजे दहाचाकी ट्रक असो की ५२ सीटची बस, कार्डावर अक्षरं तीच. फरक पडतो तो त्यावर चढणाऱ्या गोष्टींनी: बससाठी बॅज, पेट्रोल-गॅसच्या टँकरसाठी धोकादायक मालाची नोंद आणि नोकरीसाठी अनुभवाचा दाखला.

हेवी लागतं का, हे आधी बघा

पुष्कळ जणांना खरं तर हेवीची गरजच नसते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने यावर शिक्कामोर्तब केलं. साधं एलएमव्ही, म्हणजे कारचं लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालगाडी चालवू शकतो, त्याला वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. धोकादायक माल, ई-रिक्षा आणि ई-कार्ट यांचे नियम तेवढे वेगळे. २०१७ च्या निकालातही न्यायालयाने हेच म्हटलं होतं, पण अपघातानंतर इन्शुरन्स कंपन्या लायसनवर बोट ठेवून भरपाई नाकारत राहिल्या. घटनापीठाच्या निकालाने तो वाद मिटला.

एकूण वजन म्हणजे गाडी अधिक भरलेला माल. आरसी बुकावर ते लिहिलेलं असतं, रिकाम्या गाडीचं वजन बघून फसू नका. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, ४०७ या सगळ्या त्या मर्यादेत बसतात. नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणं, दूध संघाच्या कॅनची फेरी, कुरिअरचा माल, लग्नाच्या मंडपाचं सामान ही सगळी कामं साध्या लायसनवर होतात.

वय अठरा-एकोणीस असेल तर मी डोळे झाकून पिकअप सांगतो. ट्रान्सपोर्टचं लायसन वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्याचं लर्निंग काढायलाही आधी एलएमव्ही हातात येऊन एक वर्ष व्हावं लागतं. मग ती दोन वर्षं घरी बसून का काढायची? पिकअपवर बाजार समितीचं गेट कळतं, वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली, कोण मागतं आणि किती मागतं ते कळतं, पावती सांभाळायची सवय लागते, मागे वजन असताना ब्रेक उशिरा लागतो हे पायाला कळतं. गाडी स्वतःची असेल तर हप्ता निघतो. मात्र पिकअपच्या कमाईला मर्यादा आहे. माल चढवणं-उतरवणं बऱ्याचदा ड्रायव्हरच्याच गळ्यात पडतं, आणि मर्यादेपेक्षा जास्त भरा म्हणणारा व्यापारी रोज भेटतो. घर चालवायचं म्हटलं की तिशीच्या आत माणूस मोठ्या गाडीकडे बघायला लागतोच.

ट्रक: पैसा फेरीवर, घर लांब

ट्रकवर पगार कमी आणि फेरीचा भत्ता जास्त असा हिशोब असतो. खुराकी, म्हणजे जेवणखाणाचे पैसे, वेगळी, डिझेलचं ॲव्हरेज चांगलं दिलं तर काही मालक वर पैसे देतात. महिन्याची रक्कम ऐकायला चांगली वाटते, पण त्यात किती दिवस लोडिंगसाठी रांगेत गेले ते कोणी सांगत नाही. न्हावा शेव्याच्या बंदराबाहेर कंटेनर घेऊन उभं राहणं किंवा साखर कारखान्याच्या गोदामाबाहेर नंबर लागायची वाट बघणं हेही कामच आहे, फक्त त्याचे पैसे बहुधा मिळत नाहीत. म्हणून मालकाशी बोलताना पहिला प्रश्न हा विचारा: गाडी उभी राहिली तर खुराकी किती दिवस चालू?

मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामगाराचं काम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांवर जाऊ नये, असं ठरवलं होतं. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यायची होती. हा कायदा १९६१ चा, आणि तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक खूप, तिथे असा कायदा पोचतच नाही. मी स्वतः नवख्या पोराला एकट्या गाडीच्या मालकाकडे पहिल्या वर्षी पाठवत नाही. पाच-पंचवीस गाड्या असलेल्या फ्लीटमध्ये निदान जोडीला उस्ताद मिळतो, गाडी बंद पडली तर फोन उचलणारा माणूस असतो.

एक गोष्ट मात्र बदलली आहे आणि ती मनापासून चांगली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात विदर्भात दुपारी केबिनमध्ये बसलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण जुन्या गाड्या अजून वर्षानुवर्षं रस्त्यावर राहणार, तेव्हा कोणती गाडी हातात देणार तेही मालकाला विचारा.

ट्रक कोणासाठी? ज्याला एकटं राहता येतं, जो गाडीच्या आवाजावरून बिघाड ओळखायला शिकेल, ज्याच्या घरी अचानक बोलावलं तर दुसरं कोणी धावून जाणारं आहे, त्याच्यासाठी. पुढे स्वतःची गाडी घ्यायची असेल तर ट्रकवरची चार-पाच वर्षं बस चालवण्यापेक्षा जास्त उपयोगी. बिल्टी (मालाची पावती), भाडं, परतीचा माल, टायरचा खर्च हे सगळं तिथेच कळतं.

टँकर: चांगला पैसा, जास्त जबाबदारी

पेट्रोल, एलपीजी, रसायनं नेणाऱ्या टँकरसाठी ट्रान्सपोर्ट लायसनवर धोकादायक मालाची नोंद करून घ्यावी लागते. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र. शिवाय मराठीसारखी एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे. ही अट कागदापुरती समजू नका. टँकरच्या मागच्या पाटीवर रसायनाचा क्रमांक आणि इंग्रजीतल्या सूचना असतात. गळती झाली तर अग्निशमन दलाला फोनवर तेच वाचून सांगायचं असतं. या नोंदीची मुदत तीन वर्षं, आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाचा उजळणी वर्ग.

मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोतून इंधन उचलणारे टँकर तुम्ही पाहिले असतील. तिथलं काम लांब पल्ल्याच्या ट्रकपेक्षा शिस्तीचं: ठरलेले पंप, ठरलेला रस्ता, गाडीवर जीपीएस, आत शिरताना तपासणी. लांब पल्ला कमी, त्यामुळे अनेकांना रात्री घरी जाता येतं. पण नवख्याला कोणी टँकर देत नाही आणि देऊही नये. अर्धा भरलेला द्रवाचा टँकर वळणावर आतून हिंदकळतो आणि गाडीला बाहेर ओढतो. बांधलेला माल असलेल्या ट्रकवर हे कधीच शिकायला मिळत नाही.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी गाड्या थांबवल्या आणि पंपांवर रांगा लागल्या, ते नव्या भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२) वरून. अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण हे उपकलम तेव्हा लागू करण्यात आलं नाही. या धंद्यात येणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं, कारण जमावाच्या भीतीने पळायचं की थांबायचं हा प्रश्न कधीतरी समोर येऊ शकतो. माझं मत स्पष्ट आहे: थेट पोलिस ठाणं गाठा आणि स्वतःहून कळवा.

बस: पगार ठरलेला, जिवंत माल

बसला बॅज लागतो, ज्याला आपण बिल्ला म्हणतो. त्यासाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी होते, मराठी यावी लागते. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून भरतीची जाहिरात यायची वाट न बघता बॅजचा अर्ज आधीच टाका.

बसच्याही तीन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये.

एसटी आणि शहर बस ही पहिली. एसटीच्या २०१९ च्या चालक तथा वाहक भरतीत दहावी पास, अवजड वाहनाचा अनुभव, बॅज, उंची अशा अटी होत्या. म्हणजे लायसन काढलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीत गेलो असं होत नाही, मधली वर्षं ट्रकवर किंवा कंपनीच्या बसवर काढावीच लागतात. २०२५ मध्ये महामंडळाने चालकांच्या कंत्राटी भरतीची घोषणा केली. कंत्राटी आणि कायम यांतला फरक जाहिरातीत नीट वाचा. २०२१-२२ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप महिनोन्महिने का चालला होता ते घरातल्या मोठ्यांना विचारा. एवढं असूनही लग्न झालेल्या, घरी म्हातारे आई-वडील असलेल्या माणसाला मी आजही एसटीच सांगेन. आगार ठरलेलं, शेड्यूल ठरलेलं. मुक्कामी गाडी लागली तर एक रात्र एखाद्या खेड्यात निघते, पण सकाळची फेरी करून माणूस परत आपल्या गावी असतो. एसटीत आता महिलाही प्रवासी गाड्या चालवतात, २०२३ पासून. त्यांच्या भरतीत अनुभवाची अट शिथिल करून महामंडळाने प्रशिक्षण दिलं. ज्या मुलींना कार उत्तम येते आणि मोठी गाडी चालवायची इच्छा आहे, त्यांनी अशा जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

दुसरी खाजगी ट्रॅव्हल्स. पैसे बरे, पण काम रात्रीचं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर रात्रीच्या ड्रायव्हिंगबद्दल बोलणं खूप झालं. सरळ, रिकामा, एकसारखा रस्ता घाटापेक्षा जास्त झोप आणतो. ट्रॅव्हल्समध्ये जायचं तर दुसरा ड्रायव्हर खरंच सोबत असतो का, आणि तो झोपतो कुठे, हे आधी बघा. डिकीत पथारी टाकून झोपलेला माणूस पहाटे तीनला ताजातवाना उठत नाही.

तिसरी शाळेची किंवा कंपनीची बस. सकाळ-संध्याकाळ काम, दुपार मोकळी. शाळेच्या बसला अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव मागतात, १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांपासून ती प्रथा आहे. चाळिशीनंतर ट्रक सोडणाऱ्यांना ही जागा मानवते. वीस वर्षांच्या पोराने इथून सुरुवात करायचा विचार सोडून द्यावा.

शिकायचं कुठे: यावर कंजुषी नको

ट्रान्सपोर्टचं लायसन काढायला ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ५, जोडावं लागतं. नियमानुसार मोठ्या गाडीवर निदान १५ तास प्रत्यक्ष ड्रायव्हिंग व्हायला हवं. हा आकडा मुळातच कमी आहे, आणि तोही पुरा होत नाही. चार-पाच पोरं एका केबिनमध्ये, प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं, रिकामी गाडी, सरळ रस्ता. "तुम्ही फक्त सह्या करा, बाकी आम्ही बघतो" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. तो माणूस तुमचे पैसे वाचवत नाही, तुमचा जीव धोक्यात घालतोय.

दुसरी वाट मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्राची. जुलै २०२१ पासून हे नियम आले. अशा केंद्राला मध्यम-अवजड गाड्यांसाठी सपाट भागात दोन एकर जागा, ट्रॅक आणि सिम्युलेटर लागतो. कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा. पास झालात तर आरटीओतली ड्रायव्हिंग टेस्ट माफ. टेस्ट माफ होते याचं लोकांना फार अप्रूप वाटतं, मला त्या ३८ तासांचं वाटतं. पुण्यात नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर ही ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे, भोसरीत केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. आपल्या जिल्ह्यात काय सोय आहे ते आरटीओत विचारा. केंद्र लांब असेल तर राहण्या-जेवणाचा खर्च वाढतो, शेतीच्या हंगामात सहा आठवडे काढणं सोपं नसतं, हे मला मान्य आहे. तरी ज्याला आयुष्यभर हेच करायचंय त्याने ते काढावेत.

तिसरी वाट जुनी: क्लीनर म्हणून चढायचं आणि उस्तादाकडून शिकायचं. लर्निंग लायसन, एल बोर्ड आणि शेजारी लायसनधारक शिकवणारा नसेल तर हे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर मालकापासून सगळे अडकतात. पण क्लीनरकीत जे शिकायला मिळतं ते कोणत्याही वर्गात नाही. लोखंडी पान्याने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखणं, ताडपत्रीची रस्सी कुठे आवळायची, मागे घेताना कुठे उभं राहायचं म्हणजे ड्रायव्हरला आरशात दिसू. माझा सल्ला दोन्हींचा मेळ घालण्याचा: एलएमव्हीच्या त्या एक वर्षात काही महिने मोठ्या गाडीवर क्लीनर म्हणून जा, स्टेअरिंगला हात न लावता बघा, आणि मग केंद्रात किंवा चांगल्या स्कूलमध्ये नाव घाला.

स्कूल निवडताना गाडी बघा. तिला एअर ब्रेक आहे का? सकाळी गाडी चालू केल्यावर हवेच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत, इशारा बंद होईपर्यंत थांबायला शिकवतात का? हवा भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाहीत, आणि हवा कमी असताना गाडी हलवली तर नंतर ब्रेक कमी पडतात. भरलेल्या गाडीवर एकदा तरी बसवतात का? घाटात नेतात का? चढताना जो गिअर, उतरताना तोच किंवा त्याच्याही खालचा, हे ऐकून पाठ होतं. पण खंबाटकीत भरल्या गाडीच्या इंजिनाने गाडी धरून ठेवलेली पायाला जाणवली की मगच ते अंगात मुरतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवायची खोड अनेकांना आहे. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. इंजिन बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच उतारावर एका अवजड गाडीने चाळीसहून अधिक वाहनं ठोकली. हे पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

बसकडे जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. शहरातल्या नव्या बस इलेक्ट्रिक आणि ऑटोमॅटिक आहेत, क्लच नाही, उचल जोरात. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात अशा बसने माणसं चिरडली, तेव्हा चालकाला त्या जातीच्या गाडीचं प्रशिक्षण किती दिवस मिळालं होतं हा तपासातला मोठा प्रश्न झाला. ट्रान्सपोर्टचं लायसन तुम्हाला दोन्ही गाड्या चालवायची मुभा देतं. शिकवत मात्र एकच असतात. नवी जात हातात आली की डेपोत रिकाम्या गाडीवर पुरेशा फेऱ्या मागून घ्या, लाजू नका.

कागदांबद्दल थोडक्यात

आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे लायसनसाठी शिक्षणाची अडचण नाही. डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, लागतं. डोळे आधीच तपासून घ्या, चष्मा लागला तर लावा, त्यात कमीपणा नाही. लर्निंगची मुदत सहा महिने आणि पक्क्या टेस्टसाठी निदान तीस दिवस थांबावं लागतं. सरकारी फी फार नाही, लर्निंगला १५० आणि टेस्टला ३०० रुपये, कार्ड आणि वर्ग वाढवण्याची फी वेगळी. खरा खर्च शिकण्याचा आहे.

ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची, आणि एकाच कार्डावर दोन तारखा छापलेल्या असतात: एक कारसाठीची, एक ट्रान्सपोर्टची. लांबची तारीख बघून माणूस निर्धास्त राहतो आणि ट्रान्सपोर्टची कधीच सरून गेलेली असते. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत होती, ती आता नाही. मुदत संपायच्या आधी वर्षभरात कधीही नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. संपल्यावर वर्षाच्या आत केला तरी चालतं, पण मधल्या काळात गाडी चालवायची नाही. वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट.

आणि पहिल्या मालकाकडून निघताना लेटरहेडवर अनुभवाचा दाखला घ्या. त्यावर गाडीचा नंबर, गाडीचा प्रकार आणि रुजू झाल्यापासून सोडल्यापर्यंतच्या तारखा असाव्यात, खाली सही-शिक्का. पगार बँकेत येत असेल तर पासबुकाची झेरॉक्स त्याला जोडून ठेवा. एसटीच्या भरतीला किंवा शाळेच्या बसला तोच कागद मागतात, आणि तीन-चार वर्षांनी जुन्या मालकाला शोधत फिरणं फार अवघड जातं.